न दिलेलं नाव

समुद्राच्या काठी एक गाव होतं. गोष्ट किती जुनी ते आता कुणाला सांगता येत नाही, पण गावात पाऊणशे घरं होती, तीन विहिरी होत्या आणि एक पांढरंशुभ्र चर्च होतं, एवढं नक्की. गावातले लोक चर्चला देऊळच म्हणत. पुरुष होड्या घेऊन मासेमारीला जात, बायका मासळी सुकवून बाजारात विकत, आणि रविवारी सगळे धुतलेले कपडे घालून मिस्साच्या प्रार्थनेला येत.

त्या गावाची एक रीत होती. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, म्हणजे मृतांच्या दिवशी, वारलेल्या माणसांची नावं देवळात वाचली जात. एका माणसाचं नाव एकदाच, पुन्हा कधी नाही. नाव वाचलं की त्या घरातलं कुणीतरी बाकावरून उठे, वेदीपुढे जाऊन मेणबत्ती लावी आणि परत जागेवर येऊन बसे. ती मेणबत्ती लागल्याशिवाय पुढचं नाव वाचायचं नाही.

नावं वाचण्याचं काम दरवर्षी अठराव्या वर्षात आलेल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे येई. त्याने आठवडाभर आधी वही घेऊन घरोघर जायचं, दाराशी उभं राहायचं आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूस जे नाव देईल ते लिहून घ्यायचं. काही घरं लगेच नाव देत. काही दोन-दोन, तीन-तीन वर्षं देत नसत. नाही दिलं, तर त्या घरापुढची ओळ कोरी सोडायची आणि पुढे जायचं. का नाही दिलं, असं विचारायचं नाही.

हे काम नीट पार पडलं की गाव त्या मुलाला मोठं समजे. पुढच्या रविवारी तो पोरासोरांच्या बाकावरून उठून मोठ्यांच्या बाकावर बसे.

एका वर्षी हे काम सेलीन नावाच्या मुलीकडे आलं.

सेलीन हुशार होती. कामाला वाघ होती. त्याच वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तिची आई आठ दिवसांच्या तापाने गेली होती, आणि त्यानंतर दहाव्या दिवसापासून सेलीनने घर हातात घेतलं होतं. वडील होडीवर जात, संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत आणि जाळं विणत. फार बोलत नसत. सेलीनने आईचे कपडे धुऊन, घड्या घालून गरजूंना वाटून टाकले. आईची खाट उन्हात टाकून, झटकून माळ्यावर ठेवली. ती कुणापुढे रडली नाही. विहिरीवरच्या बायका म्हणत, “पोर बघा कशी धीराची आहे! नाहीतर आपण.” सेलीनला ते ऐकून बरं वाटे. आपण दुःख आवरलं, तसं कुणालाही आवरता येतं, असं तिला वाटू लागलं होतं.

वही देताना म्हातारे फादर तिला म्हणाले, “सेलीन, काम सोपं आहे. नाव त्यांच्या तोंडून येऊ दे. तू फक्त लिही.”

“एवढंच ना, फादर?”

“एवढंच. पण एवढंच जमवता जमवता काही जण दमतात.”

सेलीन हसली. लिहिण्यात दमायचं काय?

ती निघाली. पहिल्याच घरात एक जावई वाट बघत उभा होता. “लिही, लिही. सासूबाईंचं नाव लिही. मोठ्या अक्षरात लिही. आणि दोनदा वाचता आलं तर बघ, म्हणजे परत यायला नको.” आतून बायकोने भांडं आपटलं, तसा तो गप्प झाला आणि खाली मान घालून म्हणाला, “चांगली होती गं. माझ्या वाटणीचा तुकडा नेहमी मोठा वाढायची.”

दुसऱ्या घरात एका बाईने नवऱ्याचं नाव दिलं आणि वर बजावलं, “नीट स्पष्ट वाच हं. जिवंत होता तेव्हा त्याला कुणी धड हाक मारली नाही. सगळे आपले ‘ए लंगड्या’ म्हणायचे.” एका घरात एका आजोबांनी भावाचं नाव द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि हातानेच ‘पुढे जा’ म्हणून खूण केली. सेलीनने ओळ कोरी सोडली. कोरी ओळ सोडताना तिला थोडं वैतागल्यासारखं झालं.

तिच्या घराच्या अलीकडचं घर रेजिनाआजीचं. आजी अंगणात चटईवर सुकट पसरत होती. तिची जीभ चांगली तिखट होती आणि गावातले पुरुषसुद्धा तिच्याशी भाव करायला बिचकत. तिचा एकुलता एक मुलगा बस्त्याव सहा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला होता. वादळ झालं. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, बरोबरच्या तिघांचे देह मिळाले. बस्त्याव मिळाला नाही.

“आजी, नावं घ्यायला आलेय.”

“दिसतंय ते. वही केवढी धरलीयस, जशी काय गावची पाटलीण.” आजीने मान वर न करताच म्हटलं. “पुढच्या घरी जा, बाय.”

“आजी, सहा वर्षं झाली.”

आजीचा हात थांबला. “मोजता येतं मला. पुढच्या घरी जा.”

पुढचं घर सेलीनचंच होतं. वडील ओट्यावर जाळं विणत बसले होते. सेलीन उभ्या उभ्याच वहीत आईचं नाव लिहून पुढे गेली.

चार दिवसांत सगळी घरं झाली. मग सेलीन दुपारी जेवणं आटोपून नावं स्वच्छ अक्षरात एका कागदावर उतरवायला बसली. नावं घरांच्या क्रमाने वाचायची असत. ‘कार्मेलीन’ हे आईचं नाव लिहायच्या आधी तिला रेजिनाआजीची कोरी ओळ लागली. तिथे तिचा हात अडला.

तिला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेलं आठवलं. आपण प्रार्थना करतो, म्हणून शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाच्या वाटेवर अडलेल्या आत्म्यांची सुटका होते. मग बस्त्यावसाठी आजवर कोणी प्रार्थना केली? सहा वर्षांत त्याच्या नावाची एक मेणबत्ती लागलेली नाही. म्हणजे तो बिचारा तिथे खोळंबलेला असणार, आणि तेही कशापायी, तर एका म्हातारीच्या हट्टापायी! विहिरीवर बायका बोलत ते तिने ऐकलं होतं. “किती वर्षं आपण तिच्या मनासारखं बोलायचं? रोज आपलं ‘काही खबर?’ म्हणून विचारायचं. कुणीतरी एकदा बोलून टाकायला हवं.”

कुणीतरी. सेलीनला वाटलं, ते कुणीतरी म्हणजे आपणच. आपल्याला जमलं ना? आपण आपल्या आईचं नाव लिहिलं, हात थरथरला नाही. आजीलाही एकदा ऐकलं की सुटल्यासारखं होईल. आज रागावेल, उद्या आपल्याला आशीर्वाद देईल.

आणि तिने कोऱ्या ओळीवर लिहिलं: बस्त्याव.

तिने हे कुणालाही विचारलं नाही. खरं ते खरंच असतं, त्यात विचारायचं काय, असं तिला वाटलं.

मृतांच्या दिवशी सकाळी देऊळ गच्च भरलं. बाहेर पायरीपर्यंत माणसं होती. मिस्सा झाला आणि फादरांनी सेलीनला खूण केली. ती वेदीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. तिने सासूबाईंचं नाव वाचलं. जावई स्वतःच मेणबत्ती लावायला उठला आणि लावून झाल्यावरही तिथून हलेना; शेवटी बायकोला पुढे होऊन त्याला जागेवर आणावं लागलं. तिने लंगड्या माणसाचं नाव वाचलं, स्पष्ट, पूर्ण. त्याच्या बायकोने ताठ मानेने मेणबत्ती लावली. एकेक नाव, एकेक ज्योत. सगळं कसं रीतीप्रमाणे चाललं होतं.

मग सेलीनने वाचलं, “बस्त्याव.”

आधी काहीच झालं नाही. लोकांना वाटलं आपण चुकून ऐकलं. मग पुढच्या बाकावरच्या बायकांच्या माना एकदम मागे वळल्या. कुणाच्या तरी हातातली जपमाळ खाली पडली.

रेजिनाआजी चौथ्या बाकावर बसली होती. ती लगेच उठली नाही. तिने आधी मागे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं. गावात दुसरा कुणी बस्त्याव होता का, हे जणू आठवून पाहत होती. मग ती उठली. शेजारणीने सवयीने तिच्या हातात मेणबत्ती दिली. आजी बाकातून बाहेर आली, पण वेदीकडे गेली नाही. सरळ सेलीनकडे आली. चालत नव्हती, जवळजवळ धावत होती. आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. तिचं तोंड उजळलं होतं.

“सापडला?” आजीने विचारलं.

सेलीनला समजलं नाही.

“कुठं सापडला गं? कुठल्या किनाऱ्याला लागला?”

“आजी…”

“खाली कुठं वाहून गेला असेल, मी म्हणतच होते. कुणी ओळखला? बरोबर ओळखला ना? त्याचा डावीकडचा दात अर्धा तुटलेला होता. तो पाहिला का कुणी?” आजी मागे वळली. तीनशे माणसांकडे पाहून ती म्हणाली, “अरे, आणला कधी त्याला? मला कुणी उठवलं का नाही? आता कुठं ठेवलाय?”

पुरुष पायाकडे बघू लागले.

सेलीनने रागाची तयारी ठेवली होती, रडण्याची ठेवली होती. हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गावात नाव घरातूनच येतं. आजीने तर नाव दिलं नव्हतं. म्हणजे नाव दुसरीकडून आलं, म्हणजे खबर आली, म्हणजे मुलगा मिळाला! आजीचा हिशेब अगदी सरळ होता. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो आला, जिवंत नाही तर नाही, पण आला. पुरायला मिळेल, क्रूस लावता येईल, रविवारी फुलं ठेवायला जागा होईल.

“बोल ना गं,” आजी म्हणाली. तिने सेलीनचं मनगट धरलं. सेलीन सगळ्या गावासमोर म्हणाली, “कोणी नाही सापडलं, आजी. मीच लिहिलं.”

“काय लिहिलंस?”

“नाव. माझ्या मनाने लिहिलं.”

आजीने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या तेवढ्या वेळात तिचं तोंड विझत गेलं, आणि ते विझताना सेलीनला उभं राहून बघावं लागलं.

“म्हणजे सापडला नाही,” आजी म्हणाली.

“नाही.”

आजीने मनगट सोडलं. ती मागे फिरली, मेणबत्त्यांच्या खोक्यापाशी गेली आणि न लावलेली मेणबत्ती तिने परत खोक्यात ठेवली. मग जागेवर येऊन बसली. शेजारणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजीने तो बाजूला सारला.

आता काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. वाचलेल्या नावाची मेणबत्ती लागली नाही असं त्या देवळात आजवर घडलं नव्हतं. ती लागल्याशिवाय पुढचं नाव वाचायचं नाही, आणि पुढचं नाव सेलीनच्या आईचं होतं. सेलीनने फादरांकडे पाहिलं. फादर खुर्चीतून उठून तिच्याजवळ आले.

“फादर, मला वाटलं, त्याच्या आत्म्याला…” सेलीन पुटपुटली. “सहा वर्षं त्याच्यासाठी कुणी मेणबत्ती…”

“देवाला नावं वाचून दाखवावी लागत नाहीत, बाळ,” फादर हळू म्हणाले. “त्याला सगळे पाठ आहेत. आणि ही बाई रोज सकाळी सहाला इथे गुडघे टेकते, ते कुणासाठी असं तुला वाटलं?”

सेलीनची नजर चौथ्या बाकाकडे गेली.

“ज्या तोंडाने नाव वाचलं त्याच तोंडाने ते परत घे,” फादर म्हणाले. “ दुसरा मार्ग मला दिसत नाही.”

सेलीन लोकांकडे वळली. “बस्त्यावचं नाव त्याच्या घरातून आलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी ते परत घेते.” खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. मागच्या बाकावरच्यांना ते ऐकूसुद्धा गेलं नाही. ती परत, मोठ्याने म्हणाली.

मग तिने कागदाकडे पाहिलं. आता हे एक नाव नीट वाचायचं, बाबा मेणबत्ती लावतील, आणि पुढची नावं भराभर होऊन जातील, असं तिने मनाशी म्हटलं.

“कार्मेलीन.”

वडील उठले नाहीत.

ते दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते. हातात मेणबत्ती नव्हती. सेलीन थांबली. सगळं देऊळ थांबलं. एका सकाळी दोनदा असं होतं आहे, हे लोकांच्या लक्षात येऊ लागलं आणि कुठेतरी मागे एका बाईच्या तोंडून “येशू!” निघून गेलं.

“बाबा,” सेलीन म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, पण आता दुसरा उपाय राहिला नव्हता. “मी पण नव्हतं दिलं, बाय,” ते म्हणाले. “मला विचारायला तू थांबलीच नाहीस.”

सेलीनला तो ओटा आठवला, ते जाळं आठवलं. नाव देणारं मोठं माणूस तिथे समोर बसलं होतं. गावातल्या बाकी सगळ्या घरांच्या दाराशी ती थांबली होती. फक्त एका दाराशी थांबली नव्हती. आठ महिने त्याच घरात राहून, त्याच माणसाला रोज जेवायला वाढून, तिने एकदाही विचारलं नव्हतं. कपडे वाटतानाही नाही. खाट माळ्यावर टाकतानाही नाही. तिचं आवरून झालं होतं, म्हणून घराचं आवरून झालं, असं ती धरून चालली होती. आणि आता तिच्या ध्यानात आलं, की तिचं तरी कुठे झालं होतं?

“कार्मेलीन,” ती म्हणाली, “हे नाव मी परत…”

पुढचं तिला बोलता येईना. आईचं नाव परत घ्यायचं म्हणजे एका क्षणासाठी आई परत घ्यायची, आणि मग परत तिला जाऊ द्यायचं. हेच तिने थोड्या वेळापूर्वी एका म्हातारीला करायला लावलं होतं. ती सगळ्या गावापुढे, वेदीच्या पायरीवर बसली आणि लहान पोरासारखी रडली. विहिरीवरच्या बायका, ज्या तिला धीराची म्हणत, त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. ते नाव परत घेतलं असं धरून उरलेली नावं फादरांनी वाचली.

पुढच्या रविवारी सेलीन पोरांच्याच बाकावर बसली. बाक बुटका होता आणि तिचे गुडघे हनुवटीला लागत होते. शेजारची सहा वर्षांची पोरगी तिला म्हणाली, “तू नापास झालीस का?”

“हो,” सेलीन म्हणाली.

पण खरी शिक्षा ती नव्हती. कागदावरचं नाव खोडता येतं, तीनशे जणांच्या कानातलं खोडता येत नाही. त्या गावात ज्या घरी माणूस जातं त्या घरची चूल तीन दिवस पेटवत नाहीत, शेजारीपाजारी जेवण आणून देतात. मृतांच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीपासून रेजिनाआजीच्या दाराशी लोक टोप आणून ठेवू लागले. कुणी पेज ठेवली, कुणी भात ठेवला, कुणी माशाची आमटी. मनाने चांगले लोक होते. इतकी वर्षं त्यांना म्हातारीचं सांत्वन करायचं होतं; आता मुभा मिळाली, असं त्यांना वाटलं. आणि सहा वर्षं जे बाजारात जाता-येता “काही खबर?” म्हणून विचारत, ते आता मान खाली घालून जाऊ लागले. आजी टोपांना हात लावत नव्हती. ते उंबऱ्याबाहेर तसेच पडले होते आणि त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या.

सेलीन तिच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

“काय गं?” आजी आतून म्हणाली. “आता कुणाचं नाव लिहायला आलीस? माझं? अजून धडधाकट आहे मी.”

“आजी, माझं चुकलं.”

“ते सगळ्या गावाने पाहिलं. सांगायला कशाला आलीस?” आजी बाहेर आली. “तुला काय वाटलं, मला कळत नाही? त्या समुद्राच्या काठी जन्म गेला माझा. त्यातून सहा वर्षांनी कुणी चालत येत नाही, हे मला तुझ्याकडून शिकायचंय? पण कळणं माझं मी बघेन. गावाला ते कधी द्यायचं, ते मी ठरवणार. कदाचित कधीच नाही देणार. तो एवढा एकच हक्क उरलाय मला त्याच्यावर.”

सेलीनने वाकून पहिला टोप उचलला, आतली पेज गुरांच्या डोणीत ओतली, विहिरीवर टोप घासला आणि ज्याचा होता त्याच्या दारी घेऊन गेली.

“काकी, तुमचा टोप. रेजिनाआजीच्या घरातून नाव गेलेलं नव्हतं. मी मनाने लिहिलं होतं. तिच्या घरी चूल पेटते आहे.”

असे नऊ टोप होते. नऊ घरं तिने केली. एका घरी तिच्या तोंडावर दार लावलं. एका घरच्या म्हाताऱ्याने विचारलं, “मग आता आम्ही काय समजायचं, गेला की आहे?” सेलीन म्हणाली, “ते आपण समजायचं नाही, आजोबा.” आणि शेवटच्या घरची बाई, जी विहिरीवर सगळ्यांत मोठ्याने बोलायची, ती तिचा हात धरून कौतुकाने म्हणाली, “तू मनाला लावून घेऊ नको हं. बरंच केलंस. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.”

दहा दिवसांपूर्वी सेलीनला हे ऐकून गोड वाटलं असतं. आता तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपण जे केलं ते गावातल्या निम्म्या लोकांना करायचं होतं. त्यांनी फक्त तोंड आवरलं होतं.

“नाही, काकी,” ती म्हणाली. “बरं नाही केलं. आणि तुम्ही तिला बाजारात दिसलात तर पूर्वी विचारायचात तसंच विचारत जा.”

घरी आली तेव्हा वडील ओट्यावर जाळं विणत होते. सेलीन त्यांच्या शेजारी बसली. तिला खूप विचारायचं होतं. तिने काहीच विचारलं नाही. जाळ्याचं दुसरं टोक उचलून मांडीवर घेतलं आणि गाठी तपासू लागली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी अशी बसू लागली. कधी कधी वडील एखादं वाक्य बोलत. “तिला खोबरं घातलेली आमटी आवडायची नाही, मला आवडते म्हणून करायची.” सेलीनला हे माहीत नव्हतं. सतरा वर्षं त्या घरात काढून तिला हे माहीत नव्हतं.

वर्ष गेलं. पुढच्या नोव्हेंबरात वही दुसऱ्या एका मुलीकडे गेली होती. ती रेजिनाआजीच्या फाटकाशी थांबली. आजी म्हणाली, “पुढच्या घरी जा, बाय.” मुलगी मुकाट्याने ओळ कोरी सोडून पुढे आली.

सेलीन दारातच उभी होती. मुलीने वही उघडली, पेन धरलं आणि तिच्याकडे पाहिलं. सेलीन बाजूला झाली. आत वळून तिने हाक मारली, “बाबा, नावं घ्यायला आलीय.”

वडील बाहेर आले. उंबऱ्यावर उभे राहिले. त्यांनी वहीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. वहीवाली मुलगी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत राहिली. सेलीनने भिंत धरली. ते देतील की नाही, हे तिला खरोखर माहीत नव्हतं, आणि दोन्हींतलं काहीही झालं तरी आपण तोंड उघडायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं.

“लिही,” वडील शेवटी म्हणाले. “कार्मेलीन.”

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव सेलीन पहिल्यांदा ऐकत होती. ते तिच्या वाचण्यासारखं मुळीच नव्हतं. इतकं ते वेगळं होतं, की क्षणभर तिला वाटलं, हे कुणा दुसऱ्याच बाईचं नाव आहे. एका तरुण बाईचं, जिला कुणीतरी गर्दीत ओळखून हाक मारतं आहे.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जे खरं आहे ते आपल्याला कळलं, म्हणून ते बोलण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. दुसऱ्याचं दुःख किती दिवस चालावं हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि आपण दाराशी थांबायला शिकलो की मोठे झालो.